डबीतला गुरुवार

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझे वडील टीव्हीवर दिसले. त्या वेळी ते माझ्याच शेजारी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ताक पीत होते.

सोमवार होता. मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, पण शाळेच्या ऑफिसला सुट्टी नसते. मी तिथे हेडक्लार्क. सकाळी जाऊन बाराला परत यायचे. साडेबाराला जेवण, मग अण्णांचं ताक आणि एक वाजता आमच्या केबलवाल्यांचा स्थानिक चॅनेल, असा क्रम ठरलेला. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही, तो वेगळा विषय.

अण्णा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी कुठल्या फलाटाला लागली, किती वाजता सुटली, हे वहीत लिहिण्यात आणि माईकवर पुकारण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर ती सवय त्यांनी या चॅनेलवर भागवली. त्यावर कुणाचा वाढदिवस, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, कुणाचं निधन, सगळं फोटोसकट दाखवतात. "कोण आलं, कोण गेलं, तेवढं बघतो," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी एका बाळाच्या बारशाचा फोटो गेला, बासरी सुरू झाली आणि काळ्या पडद्यावर अण्णा आले. दोन्ही बाजूंना दोन दिवे, त्यांच्या ज्योती हलत होत्या. वर 'दुःखद निधन', खाली नाव, त्याखाली तारीख. फोटो हळूहळू पुढे येत होता. तारीख पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची होती. म्हणजे अजून नऊ दिवस होते.

अण्णा पेला हातात धरून बघत राहिले. पडद्यावरचा चेहरा जसजसा जवळ येत गेला तसतसे तेही खुर्चीत पुढे वाकत गेले. वीसेक सेकंद हे चाललं. मग चादरींच्या सेलची जाहिरात लागली.

"फोटो बरा हाय," अण्णा म्हणाले आणि उरलेलं ताक पिऊन टाकलं.

मी हसल्यासारखं केलं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या रस्त्याकडे बघत मी उभी राहिले, कारण मला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. तो फोटो मी निवडला होता. तो मजकूर मी लिहिला होता.

आई गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो सापडला नव्हता. शेवटी एका लग्नाच्या फोटोतून तिला कापून काढलं. आजही आमच्या भिंतीवरच्या आईच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं आहेत. कुणाची, ते आता कुणालाच आठवत नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं की पुन्हा अशी शोधाशोध करायची नाही. गेल्या वर्षी अण्णांना न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलू लागले, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून वहीत यादी केली. कुणाला फोन करायचे, गुरुजी कोण, कागदपत्रं कुठे, असं सगळं. चौदा कामं होती. सातवं काम फोटो आणि मजकूर. दवाखान्यासमोरच्या स्टुडिओत ते कार्ड करून घेतलं, तारखेची जागा मोकळी ठेवली आणि यादीत सातव्या कामापुढे बरोबरची खूण केली. पाचव्या दिवशी अण्णा उठून बसले आणि त्यांनी भाकरी मागितली.

कार्ड माझ्या मोबाइलमध्ये राहिलं. झालेलं काम मी पुसत नाही. पण ते मी कुणाला दाखवलंही नव्हतं. ते टीव्हीवर कसं गेलं, आणि मी मोकळी ठेवलेली तारीख कुणी भरली, हे मला कळेना.

अण्णा आडवे झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन केबल कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन, तक्रारीसाठी चार, मग बराच वेळ तीच बासरी. शेवटी एक मुलगी बोलली. तिनं ग्राहक क्रमांक घेतला, टाइप केलं आणि एकदम आवाज खाली आणला.

"मॅडम, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"दुःख नाही. कुणी गेलेलं नाही. तुमच्या चॅनेलवर चुकीची जाहिरात लागलीये, ती काढा."

"मॅडम, ग्राहक मयत दाखवतंय. मयत ग्राहकाच्या नावावर तक्रार घेता येत नाही. वारसानं अर्ज करावा लागेल. सोबत मृत्यूचा दाखला."

"अहो, ते घरात झोपलेत!"

मागे चाहूल लागली. अण्णा दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मला फोन द्यायचा नव्हता, पण दिला.

"बोला," अण्णा म्हणाले.

"सर, आपण कोण बोलताय?"

अण्णांनी पूर्ण नाव सांगितलं, स्टँडवर पुकारायचे तसं, एकेक अक्षर सुटं करून.

"सर, सिस्टीमवर आपण मयत आहात."

"व्हय का? मग आता कुनाशी बोलाय लागलाय तुमी?"

मग फोन कट झाला. दोन मिनिटांत मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मी वहीत वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवला.

"हयातीचा दाखला मागत्यात का?" अण्णांनी विचारलं. "बँकेत दर साली देतो की. ह्यांना बी देऊ."

ते हसून म्हणाले, म्हणून मीही हसले. त्या दिवशी आम्ही दोघंही हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून येऊन चप्पल काढते तोवर समोरच्या काकू दारात आल्या. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात झाकलेला डबा. आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात.

"ताई, काल टीव्हीवर बघितलं गं. विश्वासच बसंना. मी लेकीकडं गेलते, तितंच दिसलं, आजच—" एवढं बोलून त्या थांबल्या. आतल्या खोलीतून अण्णा बाहेर आले होते.

काकूंच्या हातातून डबा पडला नाही एवढंच. "अगं बया," त्या म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या. मला वाटलं, आता या त्यांना हात लावून बघतात की काय. त्यांनी खरंच लावला. दोन बोटं अण्णांच्या मनगटाला टेकवली आणि पटकन काढून घेतली.

"गार लागतंय का?" अण्णांनी विचारलं.

"काय बी बोलता भाऊजी! चष्मा न्हवता माझा, दुसरंच कुनी आसंल," असं म्हणत काकू डबा घेऊन परत निघाल्या.

"डबा ठिवा की. आनलाय तर."

"न्हाय, न्हाय, ह्यो डबा तुमी खायचा न्हाय."

पण अण्णांनी तो घेतलाच. खाली मांडी घालून बसले आणि दीड भाकरी खाल्ली. एरवी ते एकच खातात. मी ताटात वाढलेलं तसंच राहिलं. "लई बरं झालंय पिठलं," ते म्हणाले. "आपल्या सुतकाचं पिठलं कुनाला गावतं? मला गावलं."

मी रोज फोन करत राहिले. वहीत सात तक्रार क्रमांक झाले, सातही मेसेज 'निवारण झाले आहे' असेच. दर वेळी नवा आवाज यायचा आणि दर वेळी तो आवाज नाव ऐकून खाली उतरायचा. एकानं तर मलाच विचारलं, "मॅडम, आपण त्यांना शेवटचं कधी बघितलं?"

आणि रोज एक वाजून दहा मिनिटांनी अण्णा पडद्यावर यायचे. मी दोनदा चॅनेल बदलला. "ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले, आणि रिमोट माझ्या हातातून अलगद घेतला. गुरुवारी त्यांनी एकच्या आधी दाढी केली. शुक्रवारी कपाटातून फोटोतला शर्ट काढला आणि तो घालून समोर बसले. बासरी सुरू झाली, दिवे हलू लागले. एकाच शर्टातली दोन माणसं एकमेकांकडे पुढे पुढे येत होती, आणि मधे बसायला मला भीती वाटली. मी उठून उगाच पाणी प्यायले.

शनिवारी त्यांनी समोरच्या काकूंकडून दोन वर्षांपूर्वी आणलेला पाना परत केला. रविवारी सकाळी पेपरवाल्याला काहीतरी सांगत होते; मी गेल्यावर गप्प झाले. तारखेबद्दल ते एक शब्दही बोलले नव्हते. मीही नाही.

रविवारी मी अण्णांची गोळ्यांची डबी भरते. सात दिवसांची सात घरं, प्रत्येकात सकाळच्या तीन गोळ्या. त्या रविवारीही सकाळी भरली, त्या दिवसाच्या तीन त्यांना दिल्या आणि वहीत खूण केली. सोमवारी सकाळी त्यांना गोळ्या द्यायला डबी उघडली तर सोमवार, मंगळवार, बुधवार भरलेले होते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार रिकामे. त्या नऊ गोळ्या शेजारच्या वाटीत होत्या, रंगाप्रमाणे वेगळ्या करून ठेवलेल्या.

मी सोमवारच्या तीन त्यांना दिल्या आणि डबी बंद केली. इतके दिवस मला ही कंपनीची चूक वाटत होती, जी पाठपुरावा केला की दुरुस्त होते. त्या क्षणी कळलं की अण्णा निघायची तयारी करताहेत. आणि ज्या माणसाला निघायचंच आहे त्याला औषध, डॉक्टर, कुणीच थांबवू शकत नाही, हे मी दवाखान्यात शेजारच्या खाटेवर बघितलं होतं.

त्या दुपारी मी कंपनीच्या ऑफिसात गेले. एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, जिन्यात वायरींची भेंडोळी. आत काउंटरवर एकच बाई आणि एक पंखा. मागच्या भिंतीवर आठ टीव्ही, सगळे आवाज बंद करून ठेवलेले. मी ग्राहक क्रमांक सांगितला. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं.

"हां, हे मयत झालेत."

"झालेले नाहीत. ही जाहिरात तुमच्याकडे दिली कुणी?"

"तुम्हीच की. कागदपत्रं नव्यानं मागवली होती ना, कनेक्शनची? तुमच्या नंबरवरून आलीत. आधार, फोटो, लाइट बिल आणि हे." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "जुन्या ग्राहकांना दहा दिवस मोफत असतं हे. आम्हाला वाटलं, लावायला पाठवलंय."

माझ्या लक्षात आलं. मोबाइलमध्ये 'अण्णा – कागदपत्रं' नावाचं फोल्डर आहे. कंपनीचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते, कामं उरकत होते. एकेक कागद निवडत बसायला नको म्हणून सगळं फोल्डर निवडून पाठवलं होतं. आणि वहीत खूण केली होती.

"पण तारीख? तारीख मी टाकली नव्हती."

"मोकळी होती ना. जागा मोकळी असली की सॉफ्टवेअर आपोआप बसवतं. पॅकेजचा शेवटचा दिवस."

"काढा ते. आत्ता."

"मी नाही काढू शकत, मॅडम. मयत अशी नोंद वर गेली. आता ते वरूनच चालतं." ती वाईट नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं. "दोनच दिवस राहिलेत. बुधवारी आपोआप संपेल."

तेवढ्यात तिच्या मागे भिंत बदलली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. जाहिरात दिवसातून दोनदा लागते हे मला माहीत नव्हतं. आठही टीव्हींवर अण्णा आले आणि आवाज न करता, एकाच वेगानं, माझ्याकडे सरकू लागले. काउंटरवरच्या बाईनं मागे वळूनही बघितलं नाही.

मंगळवारी मी रजा टाकली. यादी केली नाही. अण्णा जेवून खुर्चीत बसले, तेव्हा टीव्ही लावायच्या आधी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. बाक, यादी, स्टुडिओ, फोल्डर. मला रडू येत होतं, पण मी क्रमानं सांगितलं.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला. तुजी वही हाय का हितं? गेल्या सालची?"

मी कपाटातून ती काढून आणली. त्यांनी ते पान शोधून माझ्यासमोर धरलं. चौदा कामं माझ्या अक्षरात होती. त्यांच्याखाली पंधरावं होतं, पेन्सिलीनं, वाकडंतिकडं लिहिलेलं. एक वर्ष ते माझ्या कपाटात होतं आणि मला माहीत नव्हतं. 'मैंदर्गीच्या दोस्ताला फोन नको. ऐकू येत नाही. पोस्टकार्ड टाकणे.'

"तू च्या आनाय गेलतीस. वही खाटेवरच हुती. वाचली समदी. लई बेस केलतीस यादी, एवढा एकच मानूस ऱ्हायला हुता."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझं वय चोपन्न आहे.

"आगं, वाईट कशाला वाटायचं? स्टँडवर गाड्या कुटल्या सुटनार त्येची यादी आदल्या दिशीच करतो की आपन."

"मग अण्णा, गोळ्या का काढून ठेवल्या?"

ते खिडकीबाहेर बघू लागले.

"तारीख लिवली हुतीस ना. तू उगं कायबी लिवायची न्हाईस. मागच्या पंधरवड्यात तपासनीला नेलंस, तवा डॉक्टरनं तुला एकटीला आत बोलवलं. मी भाईर बाकावर. मला वाटलं, सांगितलं आसंल त्यानं. तुला तोंडानं बोलवंना, म्हनून टीव्हीवर लावलंस."

"अण्णा! त्यांनी मिठाबद्दल सांगितलं. लोणचं बंद करा म्हणाले. तुमच्यासमोर बोललं की तुम्ही वाद घालता म्हणून मला बोलावलं."

"लोनचं?"

"लोणचं."

"मग तारीख कुनी घातली?"

"कुणीच नाही. जागा मोकळी होती. मशीननं भरली."

अण्णांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मला वाटलं, सुटका झाली. पण ते सुटल्यासारखे दिसत नव्हते. नऊ दिवस ते त्या तारखेबरोबर राहिले होते. "मशीननं तरी हीच का घातली?" एवढंच ते म्हणाले, आणि टीव्ही लावायला रिमोट उचलला.

बुधवारी सकाळी त्यांनी डबीतल्या तीन गोळ्या घेतल्या. आंघोळ केली. फोटोतला शर्ट घातला नाही, घरातली बंडी घातली, तेवढीच मला आशा वाटली. दुपारी मी दार उघडं ठेवलं. का, ते सांगता येणार नाही. समोरच्या काकूंना 'आज घरीच थांबा' म्हणून सांगून ठेवलं होतं. दवाखान्याचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी बासरी सुरू झाली. मी अण्णांचा हात धरला. तो गार होता, पण ताकाच्या पेल्यानं. काळ्या पडद्यावर ते आले, नेहमीसारखे, आणि पुढे येऊ लागले. तारीख आजची होती. आज पहिल्यांदाच ती खोटी वाटत नव्हती. अण्णा या वेळी पुढे वाकले नाहीत. खुर्चीला पाठ टेकून, डोळे बारीक करून बघत राहिले, जसे ते लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचायचे.

चेहरा पडदाभर झाला. मग तो तिथेच थांबला. चादरींचा सेल आला नाही. बासरी मधेच तुटली आणि पडदा निळा झाला. मयत ग्राहकाचं कनेक्शन बंद करण्यात आल्याच्या दोन ओळी त्यावर उमटल्या. पंख्याचा आवाज सोडला तर घरात काहीच ऐकू येत नव्हतं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांची नजर त्या निळ्या पडद्यावर होती, आणि त्यांचा श्वास चाललाय की नाही ते मला कळेना.

"अण्णा?"

पंखा फिरत होता.

"अण्णा!"

"आगं हाय की," ते म्हणाले. "वरडतीस कशाला?"

मग ते सावकाश म्हणाले, "बोर्डावर लिवलेलं आसतं. मीच लिवायचो खडूनं. त्यातल्या निम्म्या गाड्या यायच्या न्हाईत. लोकं मला शिव्या घालायची." आणि त्यांनी माझा हात सोडवून घेतला, कारण मी तो फार घट्ट धरला होता.

गुरुवारी सकाळी मला उठायला उशीर झाला. स्वयंपाकघरात अण्णा ओट्याशी उभे होते, चष्मा नाकावर, समोर ती वाटी. एकेक गोळी चिमटीत धरून ते डबीच्या घरात टाकत होते. गुरुवारच्या तीन तर त्यांनी आधीच घेतल्या होत्या. मोबाइलवर मेसेज आला होता: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मी तो वहीत लिहिला नाही.

"ते कार्ड पुसू का मोबाइलमधनं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. फोटो बरा हाय. तारीख तेवढी पुन्ना मोकळी ठेव." त्यांनी शनिवारचं झाकण लावलं, ते टक् करून बसलं. "शनवारपतोर भरलंय. रईवारचं रईवारी बघू."